लॅम्डाची पहिली काही मिनिटे

विषाणू पेशीत शिरतो आणि तिचा ताबा घेतो, हे वाक्य कोविडच्या काळात घरोघरी पोचले. पण शिरल्यावर पहिल्या मिनिटाला तो नेमके काय करतो? याचे सर्वांत तपशीलवार उत्तर अजूनही लॅम्डा या जिवाणूभक्षक विषाणूकडेच सापडते आणि ते ताबा घेण्याच्या कल्पनेशी फारसे जुळत नाही.

जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या के-१२ वाणातच लॅम्डा सुप्तावस्थेत दडलेला होता. १९५०च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठात एस्थर लेडरबर्ग यांनी तो हुडकला. पती जोशुआ यांना १९५८ साली नोबेल मिळाले. एस्थर यांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी तळटीपच आली. रेणवीय जीवशास्त्राच्या इतिहासातला हा ढळढळीत अन्याय आहे.

लॅम्डाला झोपवून ठेवणारे दमनकारी प्रथिन मार्क टाशने यांनी १९६७मध्ये वेगळे केले, ती हकिगत पाठ्यपुस्तकांत सविस्तर येते. त्याहून रोचक आहे ती जागेपणीची सुरुवात.

टी७सारख्या विषाणूकडे जनुकांची आरएनए प्रत काढणारे विकर, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, स्वतःचे असते. लॅम्डाकडे ते नाही. ४८,५०२ जोड्यांच्या त्याच्या डीएनएवर जिवाणूचेच पॉलिमरेज डावीकडे आणि उजवीकडे निघते. एकीकडे ‘एन’ जनुकाची, तर दुसरीकडे ‘क्रो’ची प्रत काढते आणि थोड्याच अंतरावर थबकते. पुढची जनुके मुकीच राहतात.

ते थबकते का, याचा उलगडा १९६९ साली जेफ्री रॉबर्ट्स यांनी केला. त्यांनी परीक्षानळीत लॅम्डाचा डीएनए आणि शुद्ध पॉलिमरेज एकत्र केले, तेव्हा आरएनए लांबच लांब तयार होत गेला. पेशीत जे थांबत होते, ते नळीत थांबेना. मग संसर्ग न झालेल्या, निरोगी जिवाणूंतून काढलेले एक प्रथिन त्यांनी मिसळले. आता आरएनएचे ठरावीक आखूड तुकडेच मिळू लागले. या प्रथिनाला ‘रो’ हे नाव मिळाले. म्हणजे थांबवण्याची सोय यजमान पेशीची होती आणि ती लक्षात आली विषाणूमुळे! संशोधनाच्या इतिहासात इतका नेटका प्रयोग क्वचितच सापडतो.

रोला चुकवण्याचे काम एन प्रथिन करते. १९७४मध्ये मूळचे भारतीय शंकर अध्या, मॅक्स गॉट्समन आणि बेनोआ द क्रोंब्रुग यांनी दाखवले, की एनमुळे पॉलिमरेज रोचे थांबे ओलांडून पुढे जाते. पण १०७ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाला हे एकट्याने जमत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या डेव्हिड फ्रीडमन यांनी असे उत्परिवर्ती जिवाणू शोधले, ज्यांत एन शाबूत असूनही निष्प्रभ ठरत होते. त्यांतून जिवाणूच्याच ‘नस’ प्रथिनांची मालिका पुढे आली. एन हे नव्या आरएनएच्या एका विशिष्ट भागाला बिलगते, नस प्रथिनांना गोळा करते आणि ती सारी मंडळी पॉलिमरेजला चिकटून त्याच्यासोबत पुढे सरकतात.

यांतले एक नाव चक्रावून टाकते. १९८१मध्ये कळले, की ‘नस-ई’ म्हणजे दुसरेतिसरे काही नसून रायबोसोममधले एस-१० प्रथिन आहे. प्रथिने बनवण्याच्या यंत्रणेतला घटक आरएनएची प्रत कुठे थांबावी यात लक्ष घालतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

पेशीकडेही उपाय आहेत. तिचे लॉन हे प्रथिने तोडणारे प्रोटिएझ एनला काही मिनिटांतच तोडून टाकते. लॅम्डाने पेशी फोडावी की तिच्या डीएनएत जाऊन झोपावे, हे मुख्यतः सी-टू या प्रथिनाच्या प्रमाणावर ठरते. त्यालाही तोडणारे एफटीएसएच हे प्रोटिएझ पेशीचेच. उपाशी पेशीत सी-टू अधिक टिकते आणि लॅम्डा झोपेकडे वळतो. विषाणूने पेशीला गुलाम केले, असे म्हणणाऱ्यांनी हा तपशील तपासून पाहावा.

१९८७मध्ये एचआयव्हीच्या ‘टॅट’ प्रथिनाचा उलगडा करताना संशोधकांनी एनसारखी थांबे ओलांडण्याची हीच कल्पना माणसाच्या पेशीत आणली. टॅटही नव्या आरएनएला बिलगते आणि अडखळलेल्या मानवी पॉलिमरेजला पुढे न्यायला मानवी पेशीचेच पी-टीईएफबी हे प्रथिनयुग्म ओढून आणते. विश्रांतीतल्या सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींत हे युग्म पुरेसे सक्रिय नसते. एचआयव्ही तिथे वर्षानुवर्षे दडून राहण्यामागचे ते एक कारण आहे. त्याला तिथून उठवून नष्ट करण्याचे उपचार अजून प्रयोगावस्थेतच आहेत.