रक्तातल्या कर्कपेशींचा शोध : मेलबर्न ते मराठवाडा

कर्करोगाच्या मूळ गाठीपासून सुटलेल्या पेशी रक्तातून फिरतात, ही नोंद १८६९ची आहे. मेलबर्नमधील डॉ. थॉमस अ‍ॅशवर्थ यांना कर्करोगाने दगावलेल्या रुग्णाच्या रक्तात गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी दिसल्या. एकाच शरीरात अनेक ठिकाणी गाठी कशा होतात, याचा उलगडा त्यातून होईल, असे त्यांनी सुचवले.

हे निरीक्षण उपचारांच्या कामी यायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला, कारण या पेशी अत्यंत विरळ असतात. एक मिलिलिटर रक्तात सुमारे पाचशे कोटी तांबड्या आणि काही दशलक्ष पांढऱ्या पेशी असतात. कर्कपेशी मात्र रोग पसरलेल्या रुग्णातही बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. नुसत्या सूक्ष्मदर्शकाचे हे काम नव्हते.

रेण्वीय चाचण्यांनी वाट उघडली. १९९१ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात आरटी-पीसीआर पद्धत वापरली गेली. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींत टायरोसिनेज जनुकाचा आरएनए असतो; रक्तात तो सापडला, तर तशी पेशी तिथे आहे असे समजता येते. पद्धत अतिसंवेदनशील असल्याने धोकाही होता : काही खुणा निरोगी पेशींतही किंचित आढळतात आणि निष्कर्ष चुकतो. दुसरी वाट पेशी पकडण्याची. अनेक कर्कपेशींवर एपकॅम हे प्रथिन असते, रक्तपेशींवर सहसा नसते. त्याला चिकटणारी प्रतिपिंडे लोहकणांवर बसवून चुंबकाने पेशी वेगळ्या केल्या जातात. पसरताना काही पेशी हे प्रथिन टाकून देतात आणि निसटतात. ही या पद्धतीची मर्यादा.

२००४ मध्ये याच तत्त्वावरील सेलसर्च चाचणीला अमेरिकेत मान्यता मिळाली. रोग पसरलेल्या १७७ स्तनकर्करोगी स्त्रियांच्या अभ्यासात साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक कर्कपेशी असलेल्यांचे आयुष्य कमी राहिल्याचे दिसले. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, पेशी कमी न झाल्याने लवकर औषध बदलूनही आयुष्य वाढले नाही. पेशी सापडणे आणि जीव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून ठळक झाले.

महाराष्ट्रात हे काम पुणे आणि नाशिक येथे उभे राहिले. पुण्याच्या अ‍ॅक्टोरियस कंपनीने ऑन्कोडिस्कव्हर चाचणी विकसित केली. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनकर्करोगाच्या रक्तचाचणीला नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. या दर्जाने परीक्षणाला वेग येतो. ती अंतिम मान्यता नव्हे.

रेण्वीय चाचणीने जीव वाचतात का, याचे ठाम उत्तर मराठवाड्यात बीडला लागून असलेल्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून आले. तेथे १९९९पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांच्या सहभागाने १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. चाचणी रक्ताची नव्हे, गर्भाशयमुखाच्या नमुन्यातील, या कर्करोगाला कारणीभूत एचपीव्ही विषाणूच्या डीएनएची होती. २००९च्या निष्कर्षानुसार, एकदाच केलेल्या या चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

बीडमध्ये अशा खात्रीच्या तपासणीची उणीव स्त्रियांना महागात पडली. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीला जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कर्करोगाची भीती दाखवली गेल्याचे अनेकींनी सांगितले होते.

रक्तातल्या कर्कपेशींच्या मोजणीचा आजचा भक्कम उपयोग पसरलेल्या रोगाचा पुढचा अंदाज बांधण्यापुरता आहे. निदान अजूनही गाठीचा तुकडा तपासूनच पक्के होते. या पेशी लवकर मरतात, म्हणून रक्त खास नळीत घेऊन ठरलेल्या वेळेत प्रयोगशाळेत पोचवावे लागते. ती सोय आणि उस्मानाबादसारखा पुरावा या दोन्ही गोष्टी जमल्या, तरच ही चाचणी ऊसतोडीच्या फडापर्यंत पोचण्याला अर्थ राहील.