फांदी कुठे कापावी?

दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींत पावसाळा तोंडावर आला की पर्जन्यवृक्षांची छाटणी सुरू होते. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड आतली कूज कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हे दाखवलं. फांदीच्या बुडाशी फुगीर, सुरकुतलेला घेर दिसतो. तो शाबूत राहिला तरच ही डागडुजी नीट होते. म्हणून जड फांदीला आधी खालून अर्धवट चीर द्यावी, मग थोडं पुढे वरून कापावं. साल सोलवटत नाही. उरलेला खुंट घेराला धक्का न लावता काढावा. वर डांबर फासू नये. त्याने कूज थांबत नाही. सरसकट शेंडे तर उडवूच नयेत, कारण नंतर फुटणारे धुमारे कच्च्या जोडाचे असतात आणि वाऱ्यात तेच आधी मोडतात. आणि करवत काढण्यापूर्वी पालिकेची परवानगी घ्यावी.