दीडशेच्या बॅटरीचा खरा हिशेब

मोझरीत हायवेला लागून माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. वैशाखात वादळ सुटलं, कुठं झाड तारांवर पडलं, की आसपासच्या गावांची लाइन जाते आणि दुसऱ्या दिवशी दुकानात ठरलेला प्रश्न येतो : "भाऊ, चांगली दीडशेची बॅटरी घेतली, मंग तीन घंट्यांत काहून बसते?" अशा वेळी दर वेळी बॅटरीच खराब असते असं नाही. पुष्कळदा घेतानाच हिशेब राहून गेलेला असतो. सातवीतल्या पोरालाही जमेल असा हा हिशेब घरोघरी माहीत असावा, म्हणून हे लिहितो.

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात : १२ व्होल्ट आणि १५० एएच, म्हणजे अँपिअर-अवर. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, एएच म्हणजे साठा. नुसत्या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. दोन्हींचा गुणाकार करावा लागतो. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-अवर, म्हणजेच १.८ युनिट. महावितरणच्या बिलावर येतो तोच हा युनिट.

आता घराकडे बघा. दोन साधे पंखे १५० वॉट, चार एलईडी बल्ब ३६, टीव्ही ६०; झाले जवळपास २५० वॉट. १८०० ला २५० ने भागलं तर सात तासांच्या वर निघतात. पण हे कागदावरचं गणित झालं. शिसं-आम्लाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर मरते. तिला टिकवायचं तर साठ टक्क्यांच्या आसपासच वापरावी. उरले १०८०. त्यातलं पंधरा-वीस टक्के इन्व्हर्टर स्वतः खातो. हाती आले ९०० च्या जवळपास, म्हणजे साडेतीन तास. शिवाय १५० एएच हा आकडा बहुधा वीस तास सावकाश, साडेसात अँपिअरनं बॅटरी वापरली तर मिळणारा असतो. २५० वॉटच्या लोडला इन्व्हर्टर बॅटरीतून पंचवीसेक अँपिअर ओढतो. इतक्या जोरानं ओढलं की साठा आणखी कमी भरतो. तीन घंट्यांचं कोडं इथं सुटतं.

यावर लोक लगेच दुसरी बॅटरी मागतात. मी आधी पंखे बघायला सांगतो. बीएलडीसी पंखा तीसेक वॉट घेतो. दोन पंखे बदलले की तोच लोड १५६ वॉटवर येतो आणि तीच बॅटरी साडेपाच तासांच्या वर चालते.

तरीही दोन बॅटऱ्या लागत असतील, तर जोडणी समजून घ्या. दुकानात मी दोन चार्ज बॅटऱ्या शेजारी ठेवतो. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला की मल्टिमीटर २५.४ व्होल्ट दाखवतो. ही सिरीज : व्होल्ट दुप्पट, एएच तेवढेच. ती केबल काढून प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडला की मीटर पुन्हा १२.७ वर. ही पॅरलल : व्होल्ट तेवढेच, एएच ३००. दोन्ही वेळा साठा ३.६ युनिटच. मग २४ व्होल्टचा इन्व्हर्टर कशाला? करंट कमी व्हावा म्हणून. ९६० वॉटला १२ व्होल्टवर ८० अँपिअर लागतात, २४ वर ४०. करंट निम्मा झाला की त्याच केबलमधली उष्णता एक चतुर्थांश होते. बारीक केबल आणि सैल लग, म्हणजे केबलच्या टोकाचा जोड, असेल, तर १२ व्होल्टच्या जोडणीत वायरचं प्लास्टिक वितळून काळं पडतं. असे लग मी हातानं काढले आहेत. आणि इन्व्हर्टर किती व्होल्टचा आहे तेवढ्याच व्होल्टची बॅटऱ्यांची जोडणी लावावी, त्यात तडजोड नाही.

सिरीजमध्ये जुनी आणि नवी बॅटरी कधीच एकत्र लावू नका. इन्व्हर्टरला फक्त बेरीज दिसते. एक १२.४ वर आणि दुसरी ११.२ वर असली तरी त्याला २३.६ दिसतात आणि तो चालत राहतो. तोवर कमजोर बॅटरी पार पिळून निघते, आणि पुढं नवीही तिच्यापायी खराब होते.

मीटरवरही डोळे झाकून भरवसा नको. काही तास निवांत ठेवलेल्या बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. पण हे ती किती भरली आहे ते सांगतं, तिच्यात किती मावतं ते नाही. जुनाट बॅटरीही १२.७ दाखवते आणि पंखा लावताच काही मिनिटांत ११ च्या खाली येते. क्षमता तपासायची तर लोड लावून घड्याळच बघावं लागतं.

आपल्याकडं आणखी एक शत्रू आहे, ऊन. अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ढोबळ नियम असा, की सुमारे पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. टिनाच्या खोलीत ती ठेवू नका. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बंद कपाटात किंवा देवघराच्या दिव्याजवळही नको. पाणी फक्त डिस्टिल्ड घाला.

लिथियमची चौकशी आता वाढली आहे. १२.८ व्होल्ट, १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-अवरची; त्यातले ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणजे १०२४. दीडशेच्या शिशाच्या बॅटरीतून आपण जेवढं घेतो, जवळपास तेवढंच. मात्र तुमच्या इन्व्हर्टरला लिथियमचं चार्जिंग जमतं का, ते आधी विचारा.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून पुष्कळांनी छतावर सोलर बसवलं. त्यात बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड यंत्रणा असेल, तर लाइन गेली की ती भर उन्हातही बंद होते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी तशी सोय केलेली आहे. अंधारात उजेड हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर वेगळा लागतो.

गावानं आपल्या पायावर उभं राहावं, ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची शिकवण. १९३५ साली त्यांनी इथं गुरुकुंज आश्रम उभारला. त्याच गावात बसून माझं एवढंच सांगणं आहे : दुकानात येण्याआधी एका कागदावर घरातल्या वस्तूंचे वॉट लिहा, किती तास चालवायच्या ते लिहा, आणि गुणाकार करून या. हा कागद हातात असला की कोणताही दुकानदार तुम्हाला नको ती बॅटरी गळ्यात मारू शकणार नाही.