ऊन दुपारचे, दिवा संध्याकाळचा

माल हाती नसणे ही व्यापारातील एक अडचण. माल भरपूर असून गिऱ्हाईक त्या वेळी नसणे ही दुसरी. सूर्य आणि वारा यांपासून वीज मिळविण्याचा भारताचा उद्योग आज पहिली अडचण बरीचशी ओलांडून दुसरीपाशी येऊन ठेपला आहे.

2025 च्या मध्यास देशातील वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मा वाटा कोळसा, तेल व वायू यांखेरीज अन्य स्रोतांचा झाला. हे उद्दिष्ट 2030 साठी ठरविलेले होते. ते पाच वर्षे आधीच गाठले गेले. तथापि वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही दोन तृतीयांशांहून अधिक आहे. ही विसंगती वरवरची आहे. स्थापित क्षमता म्हणजे दुकानाचा विस्तार आणि निर्मिती म्हणजे प्रत्यक्ष झालेली विक्री. औष्णिक केंद्र रात्रंदिवस चालू शकते. सौर तावदाने मात्र सकाळी जागी होतात, दुपारी भरात येतात आणि दिवेलागणीला, म्हणजे घरोघरी विजेची मागणी वाढते नेमक्या त्याच वेळी, शांत होतात. म्हणून ऊर्जेच्या भवितव्याचा खरा प्रश्न आता साठवणुकीचा आहे.

विजेची वखार

धान्य पोत्यांत राहते. वीज तशी राहत नाही. ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते, अन्यथा तिला दुसरे रूप द्यावे लागते. यांतील सर्वांत जुना व भरवशाचा मार्ग पाण्याचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्यातील घाटघर येथे एक जलाशय आहे, तर कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढे येथे दुसरा. विजेची मागणी कमी असते तेव्हा शिल्लक विजेवर खालचे पाणी वर चढविले जाते आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून 250 मेगावॉटपर्यंत वीज मिळविता येते. अशा प्रकल्पांत 100 युनिट खर्चून साधारणपणे 75 ते 80 युनिट परत मिळतात. ही घट म्हणजे वखारीचे भाडेच होय. दुपारची स्वस्त सौर वीज संध्याकाळी महाग विजेच्या जागी वापरता आली, तर हे भाडे सहज परवडते.

दुसरा मार्ग विद्युत घटांचा, म्हणजे बॅटरीचा. गुजरातमधील मोढेरा हे गाव अकराव्या शतकातील सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये ते चोवीस तास सौर ऊर्जेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून घोषित झाले. तेथे 1,300 हून अधिक घरांच्या छपरांवर तावदाने आहेत. नजीकच्या सुज्जनपुरा येथे 6 मेगावॉटचे सौर केंद्र असून त्याच्या जोडीला बॅटऱ्यांचा संच आहे. दिवसा केंद्रातून आणि रात्री संचातून, अशी तेथील व्यवस्था आहे. लिथियम बॅटऱ्यांची किंमत 2010 नंतर सुमारे 90 टक्क्यांनी उतरली, म्हणूनच असे प्रयोग आवाक्यात आले.

घराचा आणि दुकानाचा हिशेब

छपरावरील 1 किलोवॉट संचाला सुमारे 100 चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते व त्यापासून दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. पावसाळ्यात हे प्रमाण घटते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट व त्याहून मोठ्या घरगुती संचास 78,000 रुपये अनुदान मिळते. उरलेले भांडवल वीजबिलाच्या बचतीतून बहुधा चार ते सहा वर्षांत वसूल होते आणि तावदाने सुमारे 25 वर्षे काम देतात. इन्व्हर्टर मात्र मध्यंतरी एकदा बदलावा लागेल, हे खर्चात आधीच धरावे.

दुकान, गोदाम किंवा डाळ मिल यांना हे अनुदान नाही. तरीही व्यापाऱ्याची बाजू भक्कम आहे. त्याच्या विजेचा दर घरगुती दरापेक्षा सहसा चढा असतो, त्याचा बहुतेक वापर दिवसाच होतो आणि सौर यंत्रणेवर आयकरात 40 टक्के दराने घसारा मिळू शकतो. दुपारी तयार झालेली वीज दुपारीच खपणे, याहून चांगला व्यवहार नाही.

नेट मीटरच्या व्यवस्थेत घराची शिल्लक वीज वाहिनीत जमा होते व नंतर वळती केली जाते; म्हणजे सार्वजनिक वाहिनीच त्या घराची वखार ठरते. ही सोय कायम आजच्याच अटींवर राहील, असे गृहीत धरणे शहाणपणाचे नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना संच बसविल्यानंतरच कळते. बॅटरी नसलेला सर्वसाधारण संच गावची वीज गेली की स्वतःही बंद पडतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये, यासाठी ती योजना असते.

साठवणुकीचा तिसरा मार्ग बिनखर्चाचा आहे, तो म्हणजे वापराची वेळ बदलणे. पाण्याचा पंप, धुलाई यंत्र, गिरणी, इस्त्री ही कामे दुपारी उरकली की तेवढ्या विजेला वखारच लागत नाही. महावितरणनेही जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत दिली आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या जैन घरांत स्वयंपाकाची वेळ मुळातच उन्हाशी जुळलेली असते. अशा घरात विजेची शेगडी आली, तर तिचा पुष्कळसा भार सूर्यच उचलील.

जमेबरोबर खर्चही

कोणतीही ऊर्जा संपूर्ण निर्दोष नसते. राजस्थान आणि कच्छच्या माळांवर विजेच्या उंच तारांना धडकून दुर्मीळ माळढोक पक्षी मृत्युमुखी पडतात. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2021 मध्ये न्यायालयाने तारा शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. पुढे 2024 मध्ये त्या आदेशात बदल झाला, पण प्रश्न मिटलेला नाही. बॅटरीसाठी लागणारे लिथियम बहुतांशी परदेशातून येते, आणि आज बसविलेली तावदाने 25 वर्षांनी कचरा म्हणून समोर उभी राहतील. ज्या वीजेसाठी नवी जमीन व्यापावी लागत नाही आणि लांब तारा ओढाव्या लागत नाहीत, ती स्वतःच्या छपरावरची वीज या दृष्टीने अधिक सौम्य ठरते. आणि न वापरलेले युनिट तर सर्वांत सौम्य.

कोळसा ही पृथ्वीने कोट्यवधी वर्षांत साठविलेली मुद्दल आहे. ऊन हे तिच्या खात्यावर रोज जमा होणारे व्याज. व्याजात घर चालवावे आणि मुद्दल पुढच्या पिढीसाठी राखावी, हे व्यापारी घराण्यांना कोणी नव्याने शिकवावे लागत नाही. गेल्या बारा महिन्यांची वीजबिले एकत्र काढून त्यांतील किती वापर दुपारी नेता येईल, एवढे प्रत्येक कुटुंबाने तपासले, तरी या हिशेबाचा आरंभ होईल.