डॉकिंग स्टेशनवर लॅपटॉपचीं चित्रें मंद कां होतात?

लॅपटॉप हें यंत्र आतां अनेक घरांत आलें आहे, आणि त्याच्या पाठोपाठ डॉकिंग स्टेशन नांवाची एक लहानशी पेटीहि टेबलावर येऊन बसली आहे. कचेरीचें काम घरून करणाऱ्या पालकांना तिची ओळख करून देण्याची गरज नाहीं. विद्यार्थ्यांसाठीं मात्र दोन शब्द सांगतों. लॅपटॉपला एकच तार जोडावयाची, आणि त्या एका तारेंतून मोठा पडदा, कळफलक, माउस, इंटरनेट आणि शिवाय यंत्राला लागणारी वीज, इतकें सारें मिळवावयाचें, अशी या पेटीची योजना असते. सोय खरोखरच मोठी आहे. परंतु तिच्याबरोबर एक तक्रारहि वारंवार आमच्या कानीं येते. लॅपटॉप मूळच्या अडॅप्टरवर चालत असतां खेळ, व्हिडिओचें संपादन, त्रिमितीय आराखडे हीं सर्व कामें झरझर होतात. तोच लॅपटॉप डॉकला जोडला कीं चित्रें अडखळूं लागतात, आणि चार मिनिटांच्या कामाला वीस मिनिटें लागतात.

अशा वेळीं यंत्र दुरुस्तीच्या दुकानांत नेलें असतां, “ग्राफिक्स चिप गेली, मदरबोर्ड बदलावा लागेल,” असा निकाल ऐकून परत आलेले पालक आम्हांस माहीत आहेत. मदरबोर्डाची किंमत म्हणजे लॅपटॉपच्या किंमतीचा मोठाच हिस्सा होय. यंत्रांत काडीइतकाहि बिघाड नसतां कुटुंबावर हा बोजा पडावा, ही गोष्ट आम्हांस फार वाईट वाटते; म्हणून हा विषय येथें जरा विस्तारानें घेत आहों.

प्रथम शक्तीचा हिशेब पाहूं. व्होल्ट आणि अँपियर यांचा गुणाकार केला म्हणजे वॅट मिळतात, हें पदार्थविज्ञानाच्या वर्गांत शिकविलेंच आहे. समजा, एका लॅपटॉपबरोबर कारखान्यानें १८० वॅटांचा अडॅप्टर दिला आहे. खेळ ऐन रंगांत आला असतां त्याचा प्रोसेसर ४५ वॅट, ग्राफिक्स चिप ८० वॅट आणि पडदा, पंखे वगैरे बाकीचा परिवार मिळून २० वॅट घेतो, एकूण १४५. मूळ अडॅप्टर हें ओझें सहज उचलतो आणि ३५ वॅट बॅटरी भरण्यासाठीं शिल्लकहि टाकतो. आतां तोच लॅपटॉप ९० वॅट देणाऱ्या डॉकला जोडा. तूट ५५ वॅटांची. ही तूट कोठून तरी भरून निघाली पाहिजे, नाहीं तर खर्च तरी कमी झाला पाहिजे. तिसरा मार्ग नाहीं. महिनाअखेरीस जमाखर्चाची वही उघडणाऱ्यास हा पेच नवा नाहीं.

डॉक इतकी कमी वीज कां देतो, असें कोणी विचारील. याचें उत्तर त्या चपट्या लंबगोल यूएसबी-सी तोंडांत आहे. या तोंडांतून वीज देण्याघेण्याचे नियम ‘पॉवर डिलिव्हरी’ या नांवानें ओळखले जातात. त्यांतील कमाल मर्यादा पुष्कळ वर्षें २० व्होल्ट व ५ अँपियर, म्हणजे १०० वॅट इतकी होती. २०२१ सालीं ती ४८ व्होल्ट व ५ अँपियर, म्हणजे २४० वॅट करण्यांत आली. परंतु नियम वाढला म्हणून टेबलावरच्या जुन्या पेट्या वाढत नाहींत. पुष्कळ डॉक अद्यापि ६० ते १०० वॅटांच्या घरांतच आहेत. याउलट, वेगळी ग्राफिक्स चिप असलेले दांडगे लॅपटॉप बहुधा १०० वॅटांहून अधिकच मागतात.

तार जोडतांच पूर्ण वीज वाहूं लागते, असेंहि नाहीं. येथें एक गमतीचा व्यवहार घडतो. आरंभीं केवळ ५ व्होल्ट येतात. मग डॉक आपल्या दुकानांतला माल जाहीर करतो: ५ व्होल्टांवर इतके अँपियर, ९ वर इतके, १५ वर इतके, २० वर इतके. लॅपटॉप त्यांतून एक निवडून मागणी करतो, डॉक ती मान्य करतो, आणि मगच दाब चढतो. हा सारा करार डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पुरा होतो. त्यांत तारेचीहि साक्ष घेतली जाते. ३ अँपियरांहून अधिक प्रवाह नेणाऱ्या तारेंत एक सूक्ष्म चिप बसविलेली असते, आणि “मी ५ अँपियर नेऊं शकतें,” असें ती दोन्ही पक्षांना कळविते. ही साक्ष मिळाली नाहीं तर करार ३ अँपियरांवरच थांबतो. २० गुणिलें ३, म्हणजे ६० वॅट. डॉक १०० वॅटांचा असूनहि भलतीच तार लावल्यामुळें लॅपटॉपला ६० वॅटच मिळत आहेत, असा प्रकार यामुळेंच होतो. दिसावयास दोन्ही तारा सारख्याच. फोनबरोबर आलेली तार डॉकला लावण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

आणखी एक खोंच अशी कीं, खोक्यावर छापलेले वॅट सर्वच्या सर्व लॅपटॉपला मिळतात असें नाहीं. डॉकलाहि स्वतःचें पोट आहे; त्याला जोडलेली डिस्क, भरण्यासाठीं लावलेला फोन, हीं सर्व त्याच्याच ताटांत जेवतात. १०० वॅटांच्या चार्जरवर चालणारा एखादा लहान हब १५ वॅट स्वतःसाठीं राखून ८५ च पुढें देतो. शिवाय डॉक कोणत्या कंपनीच्या लॅपटॉपला जोडला यावरहि कांहीं अवलंबून असतें. डेल कंपनीचा ‘डब्ल्यूडी १९’ हा डॉक १८० वॅटांच्या अडॅप्टरवर चालत असतां त्याच कंपनीच्या योग्य लॅपटॉपला १३० वॅटांपर्यंत देतो, पण इतर कंपन्यांच्या लॅपटॉपला ९० च देतो. कारण १३० हा आंकडा त्या कंपनीचा घरचा करार आहे, सर्वमान्य नियमांतला नव्हे. म्हणून माहितीपत्रकांत ‘लॅपटॉपला मिळणारे वॅट’ हा आंकडा शोधावा.

आतां तूट पडली असतां लॅपटॉप काय करतो तें पाहूं. त्याच्या आंत एक लहान नियंत्रक चिप पहारेकऱ्याप्रमाणें अहोरात्र जागी असते. करार ९० वॅटांचा झाला हें कळतांच ती प्रोसेसर व ग्राफिक्स चिप यांच्या खर्चावर मर्यादा घालते. मर्यादा पुरी पडली नाहीं तर इंटेलच्या प्रोसेसरला ‘प्रॉकहॉट’ नांवाचा इशारा पोंचतो. हा इशारा मुळांत प्रोसेसर फार तापला असतां देण्यासाठीं योजिलेला. परंतु लॅपटॉप करणारे कारखाने विजेच्या टंचाईसाठींहि त्याचा उपयोग करतात. इशारा मिळतांच तीन-चार गिगाहर्ट्झवर धांवणारा प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झवर, कधीं त्याच्याहि खालीं येतो. ग्राफिक्स चिपेचा वेगहि असाच उतरविला जातो. हें सारें सक्तीचें वाटलें तरी त्यांत शहाणपण आहे. कराराहून अधिक प्रवाह ओढला तर डॉकमधील संरक्षक योजना वीज सपशेल तोडते. आणि बॅटरी क्षीण असली तर यंत्र एकाएकीं बंद पडून न सांठविलेलें काम बुडतें.

कांहीं लॅपटॉप तूट बॅटरींतून भरून काढतात. वरच्या उदाहरणांत ५५ वॅटांची तूट होती; बॅटरी ५५ वॅट-तासांची व पूर्ण भरलेली असेल तर ती सरासरी एक तास पुरेल. म्हणूनच “पहिला तासभर छान चालतें, मग बिघडतें,” अशी तक्रार येते, आणि तार जोडलेली असूनहि बॅटरीचा आंकडा उतरतांना दिसतो. हें चिन्ह फार बोलकें आहे. बॅटरी जुनी होऊन तिची धारणाशक्ति घटली असेल तर ही मुदतहि घटते. काल-परवांपर्यंत चालणारा डॉक आज कां चालेनासा झाला, याचा उलगडा पुष्कळदां येथेंच होतो.

परीक्षा कशी करावी? एकच काम घ्यावें, तोच खेळ, तेंच दृश्य, आणि तें तीन प्रकारें चालवून पाहावें. प्रथम डॉक काढून केवळ मूळ अडॅप्टरवर. नंतर केवळ डॉकवर. आणि शेवटीं डॉक व मूळ अडॅप्टर दोन्ही जोडून, मोठा पडदा डॉकलाच ठेवून. दोन ठिकाणांहून वीज आली असतां लॅपटॉप सामान्यतः समर्थ असलेली बाजू पतकरतो, म्हणून यांत भीति नाहीं. तिसऱ्या प्रकारांत वेग परत आला तर दोष विजेच्या टंचाईचा, हें जवळजवळ सिद्ध झालें. तिसऱ्या प्रकारांतहि मंदपणा कायम राहिला तर वीज निर्दोष आहे. शोध दुसरीकडे करावा. प्रयोगशाळेंतला नियम येथेंहि पाळावा: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी.

या परीक्षेबरोबर आंकडेहि पाहावे. विंडोजमधील टास्क मॅनेजर प्रोसेसरचा चालू वेग दाखवितो. काम जड असतांना तो एक गिगाहर्ट्झच्याहि खालीं अडकून बसला असेल तर समजावें कीं कोणी तरी त्याची मान धरली आहे. ग्राफिक्स चिपेसाठीं ‘जीपीयू-झेड’ नांवाचें मोफत साधन मिळतें; वेग विजेमुळें रोखला कीं उष्णतेमुळें, हेंहि तें सांगतें. उष्णतेचा दोष वेगळा ओळखणें अवश्य आहे, कारण तोहि कांहीं वेळानेंच प्रकट होतो. परंतु पंख्यांत धूळ सांठली असेल तर मूळ अडॅप्टरवरहि तोच अनुभव येईल. अ‍ॅपलच्या यंत्रावर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून वीजेच्या सदरांत पाहिलें म्हणजे जोडलेला चार्जर किती वॅटांचा आहे, तें लिहिलेलेंच आढळतें. विंडोजच्या कित्येक यंत्रांवरहि चार्जर मंद असल्याची सूचना झळकते; ती बहुतेक लोक न वाचतांच मिटवून टाकतात.

वीज निर्दोष ठरली तर चित्रांच्या वाटेकडे वळावें. ४के पडद्यावर ३८४० गुणिलें २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. प्रत्येकास २४ बिट आणि सेकंदास ६० चित्रें धरलीं तर सुमारें १२ अब्ज बिट दर सेकंदास न्यावे लागतात. साध्या यूएसबी-सी डॉकमध्यें चार जलद वाटांपैकीं दोन इतर माहितीसाठीं राखलेल्या असतात. उरलेल्या दोन वाटांवरून डिस्प्लेपोर्टच्या जुन्या वेगानें ८.६४ अब्ज बिटच उपयोगी पडतात. मग पडदा सेकंदास ३० चित्रांवर येतो, आणि माउसचा बाण अडखळतो. ग्राफिक्स चिप येथें मुळींच दमलेली नसते! पडद्याच्या सेटिंगमध्यें हा ३० चा आंकडा लागलीच दिसतो. कांहीं डॉकांत ‘डिस्प्लेलिंक’ नांवाची युक्ति असते; तींत लॅपटॉपनें प्रत्येक चित्र दाबून लहान करून साध्या माहितीप्रमाणें धाडावयाचें असतें. कचेरीच्या कागदपत्रांना ती उत्तम, खेळांना मात्र बोजड. पडदा थेट लॅपटॉपच्या एचडीएमआय तोंडाला लावून पाहिला कीं हा संशय फिटतो.

वीजच अपुरी आहे असें ठरल्यावर उपाय साधे आहेत. लॅपटॉपच्या कारखान्यानें दिलेलें नवें बायॉस व डॉकचें फर्मवेअर भरून घ्यावें. कराराच्या बोलण्यांतल्या कित्येक चुका त्यांत दुरुस्त झालेल्या असतात. विंडोजमधील वीजबचतीची पद्धति निवडलेली नाहीं ना, तें पाहावें. कधीं कधीं डॉक काढल्यावरहि यंत्र मंदच राहतें, जणूं पहारेकरी मर्यादा उठविण्यास विसरला आहे. अशा वेळीं सर्व तारा काढून यंत्र पूर्ण बंद करावें, चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी, आणि मग मूळ अडॅप्टरवर सुरू करावें. नवा डॉक घ्यावयाचाच असेल तर लॅपटॉपच्या मूळ अडॅप्टरच्या वॅटांशीं ताडून घ्यावा. दोन तोंडें एकदम लावावयाचे डॉकहि निघालेले आहेत. डेलचा ‘डब्ल्यूडी १९ डीसी’ त्या मार्गानें २१० वॅटांपर्यंत देतो.

एक उपाय मात्र आम्ही निक्षून वर्ज्य सांगतों. ‘प्रॉकहॉट’चा इशारा बंद करून टाकणारीं साधनें सहज मिळतात, आणि उत्साही विद्यार्थी तीं एकमेकांस सुचवीत असतात. इशारा बंद केला म्हणजे वेग परत येतो, हें खरें. पण वीज वाढत नाहीं, आणि पहारेकऱ्याचें तोंड मात्र बांधलें जातें.

या सर्वांपेक्षां स्वस्त उपाय घरांतच असतो. मूळ अडॅप्टर बहुधा पिशवींतच गुंडाळलेला असतो. तो काढून लॅपटॉपला थेट लावावा, आणि डॉकला पडदा, कळफलक व इंटरनेट एवढेंच काम ठेवावें. टेबलावर एकाऐवजीं दोन तारा दिसतील, इतकेंच.