रक्ती हगवण: रक्त दिसण्याच्या चार दिवस आधीच पिलांना लागण झालेली असते

पावसाळी हवेत तीन-चार आठवड्यांची पिले पंख पाडून कोपऱ्यात गोळा होतात, खाद्य टाकतात आणि विष्ठेत रक्त दिसू लागते. पुढच्या दोन-तीन दिवसांत मरतुक सुरू होते. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची शंभर-दीडशे पिले आणून परसात कुक्कुटपालन करणाऱ्या कुटुंबाचे भांडवल एका आठवड्यात बुडवणारा हा आजार म्हणजे रक्ती हगवण, अर्थात कॉक्सिडिओसिस.

आजार कशामुळे होतो?

आयमेरिया हा एकपेशीय परजीवी पिलांच्या आतड्यात वाढतो. त्यातील ‘आयमेरिया टेनेला’ ही जात आंधळ्या आतड्यावर हल्ला करते आणि तिथे रक्तस्राव होतो. बाधित पिलाच्या विष्ठेतून परजीवीचे सूक्ष्म कोष गादीवर, म्हणजेच लिटरवर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते लागण करण्याजोगे होतात. पिले गादी टोचतात आणि कोष पोटात जातात. एका कोषापासून पुढे हजारो कोष तयार होतात.

कोणत्या वयात धोका जास्त?

साधारण ३ ते ६ आठवड्यांत. गादीवर कोष साचायला काही दिवस जातात आणि तोवर पिलांत प्रतिकारशक्ती आलेली नसते.

कसा ओळखायचा?

रक्त हे पहिले लक्षण नाही. लागण झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ते दिसते. त्याआधी पिले सुस्तावतात, पिसे फुलवून बसतात, खाद्य कमी खातात. पुढे तुरा व पाय फिकट पडतात. त्यामुळे रोज सकाळी खाद्यभांड्यात किती उरले ते पाहणे आणि विष्ठेवर नजर ठेवणे महत्त्वाचे. मात्र अधूनमधून पडणारी चॉकलेटी, चिकट विष्ठा निरोगी पिलांचीही असते. तिला रक्त समजू नये.

दुसरा आजार असू शकतो का?

• पहिल्या दोन आठवड्यांत पांढरी हगवण, गुदद्वाराला विष्ठा चिकटलेली: साल्मोनेलासारख्या जिवाणूंचा संशय.
• पांढरी पाण्यासारखी हगवण, पिले स्वतःचे गुदद्वार टोचतात: गंबोरोचा संशय.
• हिरवट हगवण, धाप, मान वाकडी: राणीखेत अर्थात मानमोडीचा संशय.

खात्रीसाठी नुकतेच मेलेले पिलू पशुवैद्यकाकडे न्यावे. शवविच्छेदनात आंधळे आतडे रक्ताने भरलेले दिसल्यास निदान लवकर होते.

उपचार काय?

पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अँप्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल त्याच दिवशी सुरू करावे. आजारी पिले खाद्य सोडतात, पण पाणी पितात. म्हणून औषध पाण्यातून दिले जाते. त्या काळात पाण्याचे दुसरे भांडे ठेवू नये. अँप्रोलियम परजीवीला ‘ब-१’ जीवनसत्त्व मिळू देत नाही. त्यामुळे सोबत बी-कॉम्प्लेक्स दिल्यास औषधाचा जोर कमी होतो. हाताशी असलेले कोणतेही अँटिबायोटिक देऊन वाट पाहणे महागात पडते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

प्रतिबंध कसा करावा?

• गादीसाठी भाताचा तूस दोन-तीन इंच जाड पसरून रोज खालीवर करावा. मूठभर तूस दाबून सोडल्यावर घट्ट गोळा राहिला, तर गादी ओली आहे.
• पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला तूस काढून कोरडा टाकावा. भांडे पिलांच्या पाठीच्या उंचीवर ठेवावे.
• पहिल्या चार आठवड्यांत प्रत्येक पिलाला किमान अर्धा चौरस फूट जागा द्यावी.
• चिक स्टार्टर खाद्यात कॉक्सिडिओस्टॅट आहे का, हे पिशवीवर पाहावे. घरची भरड किंवा कणी देताना हे संरक्षण मिळत नाही.
• मोठ्या कोंबड्या व पिले वेगळी ठेवावीत. मोठे पक्षी निरोगी दिसले तरी विष्ठेतून कोष टाकत असतात.
• नवी पिले आणण्याआधी जुनी गादी पूर्ण काढून जमीन धुवावी आणि कडक वाळू द्यावी. नेहमीच्या जंतुनाशकांना हे कोष सहसा दाद देत नाहीत.

औषधाने एक तुकडी वाचते. पण गादी ओलीच राहिली, तर पुढच्या तुकडीलाही तोच धोका असतो.