जुन्या उस्मानाबादचे विलासराव

विलासराव देशमुख म्हटले की लातूर, हे समीकरण इतके पक्के बसले आहे की धाराशिवकरांनाही त्यात काही खटकत नाही. मला खटकते. लातूर जिल्हा झाला ऑगस्ट 1982 मध्ये. तोवर लातूर, औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर हे सगळे तालुके उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातच होते, आणि विलासरावांनी राजकारणाची उमेदवारी केली ती याच जुन्या जिल्ह्यात. 1974 मध्ये ते बाभळगावचे सरपंच झाले. त्याच काळात उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य, लातूर पंचायत समितीचे उपसभापती. पुढे जिल्हा युवक काँग्रेसचे अध्यक्ष आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेचे संचालक. राज्याला या जुन्या जिल्ह्याने दोन मुख्यमंत्री दिले, निलंग्याचे शिवाजीराव पाटील आणि बाभळगावचे विलासराव. धाराशिवने हा मान हक्काने सांगावा.

बाकीचा जीवनपट सर्वांना ठाऊक आहे. जन्म 26 मे 1945, पुण्यात विज्ञान आणि कायद्याचे शिक्षण, शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेवर गेल्यावर 1980 मध्ये लातूरची आमदारकी, 1985 आणि 1990 मध्ये पुन्हा विजय, मधल्या काळात मंत्रिपदे, मांजरा साखर कारखाना.

मला खरी ओढ आहे ती 1995 आणि 1996 या दोन वर्षांची. बाभळगावला गेलो तेव्हाही मी जुन्या मंडळींशी बोललो ते याच विषयावर. गाव लातूरपासून हाकेच्या अंतरावर. 1995 चा निकाल तिथे अजून तोंडपाठ आहे: जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर विजयी, विलासराव सुमारे 35 हजार मतांनी पराभूत. पुढच्याच वर्षी पक्षाविरुद्ध बंड करून ते विधान परिषदेला उभे राहिले आणि अर्ध्या मताने पडले.

अर्धे मत आले कुठून? या निवडणुकीत आमदार उमेदवारांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहितात. मोजणीत प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य 100 धरतात. समजा 288 आमदारांनी मत दिले आणि जागा 9 आहेत. एकूण मूल्य 28,800. त्याला जागांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे 10 ने भागायचे आणि एक मिळवायचा. कोटा आला 2,881. एखाद्याला पहिल्या पसंतीची 35 मते पडली, तर त्याच्याकडे 619 शिल्लक राहतात. ही शिलकी त्या 35 पत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीला वाटली जाते; प्रत्येकीचे मूल्य उरते 17. म्हणजे दुसऱ्याच्या ताटातून आलेले मत शंभराचे नव्हे, सतराचे. शेवटच्या फेऱ्यांत अशाच तुकड्यांवर हार-जीत ठरते. कोणाला पहिली पसंती किती द्यायची आणि दुसरी कोणाकडे वळवायची, याचा हिशेब चुकला की भला नेताही घरी बसतो.

एवढ्या आपटीनंतर माणूस संपतो, असा आपल्याकडचा अनुभव. विलासराव मात्र काँग्रेसमध्ये परतले. 1999 मध्ये त्याच लातूरने त्यांना सुमारे 91 हजारांच्या मताधिक्याने निवडून दिले आणि 18 ऑक्टोबरला ते आघाडी सरकारचे मुख्यमंत्री झाले. माझ्या मते त्यांची आघाडी चालवण्याची हातोटी मुंबईत शिकलेली नव्हे. जिल्हा परिषदेत आणि बँकेत चार गटांना एका सतरंजीवर बसवल्याशिवाय ठराव पुढे सरकत नाही. तो सराव त्यांना पंचवीस वर्षे आधीपासून होता.

त्याची कसोटी जून 2002 मध्ये लागली. शेतकरी कामगार पक्षाने पाठिंबा काढला, काही आमदार फुटले. काँग्रेसचे आमदार बंगळूरजवळच्या रिसॉर्टमध्ये नेऊन ठेवले होते. तिथली व्यवस्था कर्नाटकातले डी. के. शिवकुमार पाहत होते. विश्वासदर्शक ठराव 143 विरुद्ध 133 मतांनी जिंकला. जानेवारी 2003 मध्ये पद सुशीलकुमार शिंद्यांकडे गेले, तरी नोव्हेंबर 2004 ला विलासराव पुन्हा त्याच खुर्चीवर आले आणि डिसेंबर 2008 पर्यंत राहिले.